दादांची सायकल बोटीवर



या सदरात आम्ही बहुधा फी-सवलतीचे अर्ज, रेशनकार्डातली नावे, मुलींचे शिक्षण अशा गोष्टी लिहितो. सहलीवर लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. सहल म्हटली की आपल्या घरांतून दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि फार तर वेरूळ-अजिंठा. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक वाद झाला आणि त्याचा निकाल लागता लागता आम्ही समुद्रावर जाऊन आलो. बरोबर एक सायकलही नेली आणि परत आणली. तेव्हापासून वस्तीत जो तो विचारतो, "काय हो, बोटीवर सायकल घेतात का?" प्रत्येकाला निराळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे, म्हणून हा लेख.

आमचे थोरले बंधू हिंगोलीच्या मोंढ्यात हमाल होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. हळदीची पोती पाठीवर वाहण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षे गेली. आता वय अडुसष्ट आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरापासून विहार काही लांब नाही, पण तेवढे चालतानाही मध्ये एकदा कोणाच्या तरी ओट्यावर टेकतात. तोच माणूस सायकलवर बसला की कळमनुरीच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर सहज जाऊन येतो. पाहणाऱ्याला हे सोंग वाटते. सोंग नव्हे. चालताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो, सायकलवर तो सीटवर जातो आणि गुडघ्याला नुसते फिरायचे काम उरते. डॉक्टरांनीच त्यांना सांगितले आहे की चालणे बेताने करा, सायकल मात्र सोडू नका.

सायकल १९८४ सालची. काळी ॲटलास, दांडीचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर. हमालीच्या पैशातून हप्त्याने घेतलेली. या कॅरिअरवर पोरे शाळेत गेली, वहिनी दवाखान्यात गेल्या, आणि हे साप्ताहिकसुद्धा कित्येक वर्षे याच कॅरिअरवरून वस्तीत घरोघर पोहोचले. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. दादांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा ते उठून आधी सायकलीला तेल घालून आले.)

आमचा पुतण्या मुंबईकडे कारखान्यात आहे. त्याला यंदा बोनस बरा मिळाला. दिवाळीला घरी आला तोच मोबाईलमध्ये एका पांढऱ्या शुभ्र जहाजाचे चित्र घेऊन.

"बाबा, यंदा सगळे जहाजावर जाऊ. मुंबईहून निघायचं, जहाजातच जेवायचं, जहाजातच झोपायचं, सकाळी गोव्याला उतरायचं."

दादांनी चित्र नीट पाहिले. "उतरून काय करायचं?"

"फिरायचं."

"म्हंजे चालायचं."

"हो, थोडं चालावं लागंल."

"मग सायकल घेऊ द्या संगं. नाहीतर तुम्ही जा, म्या घर राखतो."

सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, "ह्यांचं काय सांगता, लग्नाच्या मांडवातबी सायकलवरच आले असते." पुतण्याने समजूत घातली की तिथे भाड्याची गाडी करू, चाकांची खुर्ची मिळते ती घेऊ. चाकांच्या खुर्चीचे नाव निघताच दादा उठून बाहेर गेले. आम्ही काही हसलो नाही. ज्याला दुसऱ्याने ढकलल्याशिवाय फिरता येत नाही त्याची सहल कसली? ती इतरांची सहल, हा नुसता सोबतीला.

म्हणून आम्ही चौकशीला लागलो. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया नावाचे मोठे सहलीचे जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पुतण्याने तिकिटे काढून देणाऱ्या एका एजंटाला फोन लावला आणि सायकलीचे विचारले. पलीकडचा गृहस्थ आधी हसला, मग म्हणाला, विचारून सांगतो. त्याने पुन्हा फोन केला नाही. तेव्हा आम्ही जहाजावर जाऊन आलेल्या, जहाजांवर नोकरी केलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारले. त्यांच्याकडून जे समजले ते असे.

सहलीच्या जहाजात सायकलीचा नियम ज्याच्या त्याच्या कंपनीचा असतो. तो तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्यावा. फोनवर कोणी 'चालेल' म्हटले तरी बंदरावरच्या तपासणीत ते बोलणे दाखवता येत नाही. घडी घालून पिशवीत बसणारी लहान चाकांची सायकल असेल तर ती सामान म्हणून नेता येण्याची आशा असते. तीही ठेवायची कुठे, तर आपल्याच खोलीत, आणि जहाजाची खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. आमच्या काळ्या सायकलीचे वजन वीस किलोच्या वर, घडी कसली घालणार? बॅटरीवर चालणारी असेल तर आगीच्या भीतीने आणखी अडचण. जहाजाच्या डेकवर सायकल चालवता येत नाही, आणि बंदराच्या आवारातही बहुधा हातात धरूनच न्यावी लागते. शिवाय मोठी अट वेळेची. जहाज सकाळी बंदराला लागते, संध्याकाळी ठरल्या वेळेला सुटते. गावात दहा किलोमीटरवर पंक्चर झाले आणि दुकान सापडले नाही तर जहाज कोणासाठी थांबत नाही.

परदेशात निराळे आहे म्हणतात, आणि आहेही. हॉलंडमध्ये कालव्यांतून चालणाऱ्या राहण्याच्या बोटी असतात. दिवसभर माणसे सायकलवर फिरतात, संध्याकाळी बोट पुढच्या गावी त्यांची वाट पाहत उभी असते. नॉर्वेच्या किनाऱ्याने १८९३ पासून एक टपालबोटीची वाट चालू आहे. तिच्यावर उतारू सायकल घेऊन चढतात, वाटेतल्या बंदराला उतरतात. आमच्या सूनबाई हे ऐकून म्हणाल्या, "मग आपल्याकडं अशी बोट नाही का?"

आहे. आणि ती शोधायला आम्हाला चार दिवस लागले याची लाज वाटते.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते. रो-रो म्हणजे जिच्या पोटात मोटारी थेट चाकांवर चालत जातात आणि चालत बाहेर येतात अशी बोट. पाचशे उतारू आणि दीडशेच्या आसपास मोटारी मावतात. जिथे मोटार जाते तिथे सायकल का जाणार नाही? तासाभराचा प्रवास. सायकलीचे तिकीट वेगळे काढावे लागते, बस्स. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गपर्यंतच्या मोठ्या रो-रोचे दर जाहीर झाले, त्यांतही सायकलीचा दर निराळा लावलेला होता: माणसाला कमीत कमी अडीच हजार, सायकलीला सहाशे. जयगड तीन तास, विजयदुर्ग पाच तास असे तेव्हा सांगितले होते. ज्यांना त्या बोटीने जायचे असेल त्यांनी फेऱ्या कोणत्या दिवशी आहेत ते आधी विचारून घ्यावे. आमच्या खिशाला मांडवाच परवडणारा होता.

पण मांडव्याचे नाव काढल्यावर दादा खुश होतील असे वाटले होते, तसे झाले नाही. ते गप्प बसले. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात आम्हाला म्हणाले, "तिथून दासगाव किती लांब हाय?"

मग आमच्या लक्षात आले. आमचे वडील आम्हाला लहानपणी महाडची हकीगत सांगत असत. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडच्या परिषदेला निघाले ते बोटीने. बोटीचे नाव 'पद्मावती'. बरोबर दोनशेवर माणसे. धरमतरवरून मोटारीने जाण्याची वाट सोयीची होती, पण मोटारवाले ऐनवेळी पाठ फिरवतील अशी धास्ती होती; म्हणून समुद्राची वाट धरली. हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीत शिरून ते २५ डिसेंबरला दुपारी दासगावच्या धक्क्याला लागले. तिथे तीन हजारांवर माणसे वाट पाहत होती. तिथून महाड पाच मैल. लोक ते पायी गेले.

"पाच मैल माझ्यानं चालवत नाहीत," दादा म्हणाले. "सायकलवर होतील."

वडिलांनी सांगितलेली दुसरी एक हकीगतही त्या रात्री आम्हा दोघांना आठवली. बाबासाहेब लहान असताना, १९०१ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. पोरांची सुट्टी, नवे कपडे, आणि रात्रभर पाण्यावाचून प्रवास. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. दादांनी १९८४ साली सायकल घेतली तेव्हा वडील तिच्यावर हात फिरवून म्हणाले होते, "आता कोणाला विचारायचं काम नाही." सायकलीवरून आमच्या घरात वाद का होतो हे वाचकांना एवढ्यावरून समजेल.

तर निघालो. दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई, दहा वर्षांची नात आणि आम्ही. मुंबईला हिंगोलीहून २०२४ पासून जनशताब्दी थेट जाते, पण ती दिवसाची बसून जायची गाडी. आम्हाला रात्री आडवे होऊन जायचे होते, म्हणून नांदेड गाठले. सायकल आदल्या दिवशी ओळखीच्या टेम्पोतून नांदेडला धाडली.

रेल्वेत सायकल नेण्याची रीत सोपी आहे, फक्त घाईत करण्यासारखी नाही. आपले तिकीट दाखवून लगेज ऑफिसात सायकल नोंदवायची. बॅगा-ट्रंकांना ठरावीक वजनापर्यंत भाडे पडत नाही, ती सवलत सायकलीला नाही. तिचे पूर्ण भाडे भरावे लागते. गाडीच्या निदान तासभर आधी जावे. सायकलीला पुठ्ठ्याचे लेबल बांधावे, त्यावर नाव, कुठून-कुठे आणि पावतीचा नंबर मोठ्या अक्षरात. लेबल एक पुरत नाही. एक हँडलला, एक कॅरिअरला बांधावे. हँडल आणि मडगार्डला जुने पोते गुंडाळावे. घंटी, पंप, कुलूप, जे जे सुटे निघते ते काढून पिशवीत घ्यावे. आम्ही पंप काढायचा विसरलो. मुंबईला सायकल मिळाली, पंप नव्हता. तो वाटेत गळून पडला असेल, चूक आमचीच.

पावती मात्र जिवापाड जपावी. इथे पुन्हा बाबासाहेबांचेच उदाहरण देतो, कारण सामानाच्या पावतीचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ते महायुद्धाचे दिवस. ती बोट पाणतीराने बुडाली. परदेशात पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पण सामान थॉमस कुक कंपनीमार्फत रीतसर पाठवलेले होते, म्हणून सहाशे रुपये भरपाई मिळाली, आणि बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला जाण्याचा खर्च त्या पैशातून भागला. आम्ही हे नातीला सांगितले तेव्हापासून सायकलीची पावती तिने आपल्या कंपासपेटीत ठेवली आणि शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

मुंबईत पहाटे उतरलो. स्टेशनापासून भाऊचा धक्का तीन-चार किलोमीटर. आम्ही टॅक्सीत आणि दादा सायकलवर. रस्ता मोकळा होता. टॅक्सीवाला सारखा मागे वळून पाही आणि म्हणे, "काकांना बसवा ना गाडीत." सायकल धक्क्यावर आमच्या मागोमाग पोहोचली.

रो-रोवर चढताना मोटारींची रांग असते. सायकल तिच्या कडेने हातात धरून न्यायची. लोखंडी उतारावर दव असेल तर पाय घसरतो, तिथे सावकाश. आत खालच्या मजल्यावर भिंतीला लागून सायकल उभी केली. नुसत्या स्टँडवर सोडू नये. बोट हलली की पडते आणि शेजारच्या मोटारीला ओरखडा गेला तर भांडण. सुती दोरी घरूनच न्यावी. दादांनी पोती बांधायची गाठ मारली. बोटीवरच्या एका कामगाराने ती गाठ ओढून पाहिली आणि म्हणाला, "ही नाय सुटायची." एवढे ऐकून दादांचे तिकिटाचे पैसे वसूल झाले.

वर बसल्यावर वहिनींचे तोंड उतरले. त्यांनी आयुष्यात कयाधूच्या पुरापेक्षा जास्त पाणी पाहिलेले नाही. शेजारी बसलेल्या अलिबागच्या एका आजींनी धीर देण्याऐवजी 'रामदास' बोटीची गोष्ट सुरू केली. १७ जुलै १९४७ ला याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात उलटली आणि सहाशेवर माणसे बुडाली. आम्ही विषय बदलायला पाहत होतो, पण वहिनी उलट सावध झाल्या. लाइफ जॅकेटे कुठे ठेवली आहेत ते त्यांनी पुतण्याला उठवून बघायला लावले. बरोबरच केले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसे गेली, ते तर अलीकडचेच आहे. पावसाळ्यात लहान बोटी बंद असतात. ज्यांना सायकल घेऊन जायचे त्यांनी दिवाळीनंतरचे दिवस धरावेत. समुद्र शांत असतो आणि रस्तेही कोरडे. रेवस आणि मोऱ्याला जाणाऱ्या साध्या बोटीही भाऊच्या धक्क्यावरूनच सुटतात, त्यांवरही लोक सायकली नेतात, पण तिथे सायकल हाताने उचलून चढवावी लागते. आमच्यासारख्यांनी रो-रोच बरी.

मांडव्याला उतरल्यावर आम्ही एक जीप ठरवली, वर कॅरिअर असलेली. हल्लीच्या एसटीच्या पुष्कळ गाड्यांना टपावर सामान टाकायची सोय राहिलेली नाही. पूर्वी लग्नसराईत टपावर सायकली, ट्रंका, कोंबड्या सगळे जाई. जीपवाल्याशी आधीच बोलून घेतले की जिथे दादा म्हणतील तिथे सायकल खाली उतरवायची आणि मागे मागे चालवायचे. तो म्हणाला, "वेळ लागेल." पुतण्या म्हणाला, "वेळ लागावा म्हणूनच आलोय."

अलिबाग, मुरूड असे खाली आलो. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे. कोकणच्या खाड्यांवर २००३ साली दाभोळ-धोपावे ही गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि मग अशा बोटी ठिकठिकाणी झाल्या. सायकलवाल्यांना त्यांचे वरदान आहे, कारण खाडीला वळसा घालायचा तर दिवस जातो. आगरदांड्याच्या बोटीवर आम्हाला पुण्याकडची चार कॉलेजची मुले भेटली, मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलवर निघालेली. त्यांच्या सायकली पातळ चाकांच्या, एका बोटावर उचलतील अशा. त्यांनी दादांची ॲटलास पाहिली आणि एकाने विचारले, "आजोबा, चालवून बघू?" दादांनी दिली. पोरगा धक्क्यावर पन्नास पावले गेला आणि धापा टाकत परत आला. मग त्यांच्यापैकी एकाने दादांना आपली सायकल दिली. दादा म्हणाले, "नको बा, मोडंल."

हरिहरेश्वरला मुक्काम केला. संध्याकाळी दादा आणि नात सायकलवर समुद्राकडेच्या रस्त्याने फिरून आले, नात कॅरिअरवर. कॅरिअरवर बसवले की पोर मागून काय बोलते ते नीट ऐकू येत नाही, तरी दोघांची बडबड चालू होती. आम्ही ओट्यावर बसून पाहत होतो. वहिनी म्हणाल्या, "जहाजावर गेलो असतो तर हे खिडकीत बसले असते." पुतण्याने काही उत्तर दिले नाही. पण त्या रात्री त्याने दादांच्या सायकलीची हवा स्वतः तपासली, शेजारच्या घरून पंप मागून आणला.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोटीने गेलो. ही बाणकोटची खाडी, म्हणजेच सावित्रीचे मुख. बाबासाहेब इथूनच आत गेले होते. नातीला आम्ही बोटीच्या कडेला उभे करून हात लांबवून दाखवले, त्या बाजूला दासगाव. पाणी गढूळ हिरवे, दोन्हीकडे डोंगर. दादा खाली सायकलपाशीच उभे होते, दांडीवर हात ठेवून. बोट चालू असताना त्यांनी टोपी काढली आणि पलीकडच्या काठाला लागल्यावर घातली. का ते आम्ही विचारले नाही.

वेशवी मंडणगड तालुक्यात येते, आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यात. तिथे जाऊन आलो. त्याविषयी निराळे लिहायचे आहे, इथे थोडक्यात आटोपतो. रस्ता चढ-उताराचा, सायकल जीपवरच ठेवली.

आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडून लोणेऱ्याला आलो. तिथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नातीने बाहेरूनच पाटी वाचली आणि वहीत लिहून घेतली. रात्र जवळच काढली, कारण दासगाव ते महाड हा आता मुंबई-गोवा महामार्ग आहे आणि ट्रकांची वर्दळ फार. तिथे सायकल चालवायची तर पहाटेचीच. उजाडता उजाडता दासगावच्या धक्क्याशी आलो. सायकल खाली उतरवली. दादांनी हँडल सरळ आहे का पाहिले, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, मागच्या चाकाच्या तारा बोटाने वाजवल्या. जीप मागे, दिवे लावून. पुतण्याने लाल फडके कॅरिअरला बांधले.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मोंढ्यातून तेवढे आम्ही कितीदा गेलो असू. पण त्या दिवशी आम्हाला तो रस्ता संपू नये असे वाटत होते, आणि दादांच्या गुडघ्यासाठी लवकर संपावा असेही. एका चढावर ते उतरले. सायकल हातात धरून दहा-बारा पावले चालले, थांबले. पुतण्या जीपमधून उडी मारून धावला. दादांनी त्याला हाताने थोपवले, श्वास घेतला आणि पुन्हा टांग टाकली.

महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची लेणी लागतात. महामार्गावरूनच डोंगरात दिसतात. बौद्ध लेणी आहेत, जुन्या काळातली. दादांनी तिथे सायकल कडेला घेतली आणि नुसते वर पाहिले. पायऱ्या चढणे त्यांना शक्य नव्हते. नात आणि सूनबाई वर जाऊन आल्या. नातीने खाली येऊन आत काय काय आहे ते एकेक करून सांगितले, खांब किती, ओटे कसे, पाण्याचे टाके कुठे. दादा म्हणाले, "पुन्यांदा सांग." तिने पुन्हा सांगितले.

चवदार तळ्यापाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. दादांनी सायकल स्टँडवर लावली, कुलूप घातले, किल्ली कमरेच्या पिशवीत ठेवली. मग वहिनींना म्हणाले, "चल, आता चालतो." कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबत, ते तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. नात त्यांच्या शेजारी. आम्ही सायकलपाशी थांबलो, कारण महाडला आलेल्या एका शाळेच्या सहलीतली पोरे तिच्याभोवती जमली होती आणि घंटी वाजवून पाहत होती.

आता परतीनंतरचे, कारण पुष्कळजण हेच विसरतात. समुद्रावरून आणलेली सायकल तशीच ओसरीत लावून ठेवू नये. खाऱ्या हवेने आठ दिवसांत चेन आणि तारांवर गंज चढतो. गोड्या पाण्याने सगळी धुवावी, फडक्याने कोरडी करावी. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवावी. रॉकेल हल्ली मिळत नाही, तर डिझेल चालते. मग चेनला, पायडलच्या कोनांना, ब्रेकच्या दांड्यांच्या सांध्यांना तेलाचे थेंब द्यावेत. सीटखालच्या स्प्रिंगांत वाळू बसते, ती जुन्या दातघासणीने काढावी. आमच्या सायकलीच्या पुढच्या मडगार्डाखाली हरिहरेश्वरची वाळू आठवड्यानेही सापडली. नातीने ती औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवली आहे.

पंप नवा आणला. दादा रोज सकाळी साडेसहाला निघतात, मोंढ्याच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. पुतण्याचा मागच्या आठवड्यात फोन होता. विजयदुर्गच्या बोटीची चौकशी करतोय म्हणाला, सायकलीच्या तिकिटासकट.